वन्संच्या पायाचं तेल

माजी नणंद माज्यापेक्षा सात वर्सानं लहान हाय, तरी मी तिला वन्सं म्हणते आन् अवोजावो करते. सासूबाईचा तसा नेमच हाय, नवऱ्याची भन पाळण्यात असली तरी ती वन्संच. लगीन होऊन मी कुंभारीला आले तवा मी अठराची आन् वन्सं अकराच्या, दोन येण्या, पायात चप्पल न्हाय, गुडघं फुटलेलं, आन् मी त्यांना विचारायचं, "वन्सं, जेवलासा का?" त्या मला म्हणायच्या, "ए वैनी, तू जेव की." शेजारनी तोंडाला पदर लावून हसायच्या. आता त्या एकवीसच्या हायत, राज्यात तीनदा पैल्या आल्यात, कपाटाच्या खिळ्याला पदकं टांगलीत, आन् तरी आमचं तेच चालू हाय.

त्या उडी मारत्यात. लांब उडी न्हाय, उंचावरनं पाण्यात, हवेत कोलांट्या घेऊन. आन् मला उंचीचं भ्या. पाण्याचं बी भ्या. माळ्यावरचा डबा काढायला खुर्चीवर चढले तरी माजं मालक खुर्ची धरून उभं ऱ्हात्यात. अशा बाईला देवानं अशी नणंद दिली.

मी आठवीपतुर शिकले. लिहायची सवय न्हाय. पण एक गोष्ट सासूबाईला सांगायची ऱ्हायलीय, सात वर्सं ऱ्हायलीय, आन् तोंडानं सांगायचं धाडस मला होत न्हाय. त्यांना वाचता येत न्हाय, पण माजी लेक आता दुसरीत हाय, तिला मोठ्यानं वाचायची लई हौस. ती वाचून दावंल. मी तवर भाकरी थापत बसंन, पाठ करून.

वन्संची पैली उडी मी बघितली ती शेतातल्या हिरीत. सासूबाई खुरपायला गेलत्या, मी भाकरी घिऊन चालले व्हते. हिरीच्या काठाला वन्सं उभ्या, उन्हात डोळं बारीक करून. मला बघून वरडल्या, "ए वैनी, हिकडं बघ!" आन् डोसकं खाली करून गेल्याच. मी अशी किंचाळले की हातातलं गठुडं सुटलं आन् ते बी हिरीत गेलं. सासूबाई खुरपं टाकून पळत आल्या, खाली वाकून बघितलं तर लेक मजेत पव्हत हाय आन् बाजूला भाकरी तरंगत्यात.

"अगं बया," सासूबाई म्हणल्या, "पोरीला काय झालं न्हाय, भाकरी बुडाली की! आता खायाचं काय, तुजं किंचाळणं?"

त्या दिवशी मी लई रडले. वन्संनी मला शेजारच्या शेतातनं दोन पेरू आणून दिले.

मग शाळेनं त्यांना पोहायच्या शर्यतीला सोलापुरात नेलं, मोठ्या टँकवर. पोहण्यात वन्सं शेवटून दुसऱ्या आल्या. पण त्यांना बाजूला उंच कट्टा दिसला, सिमेंटचा, शिडीवाला. कुणाला न इचारता वर गेल्या आन् हिरीत मारतात तसा सूर मारला. शिट्टी फुंकत एक सर पळत आले, वन्संला वाटलं आता कानाखाली बसतीय. सर म्हणले, "कुणाची गं तू? उद्यापासून रोज यायचं."

हे सर लई भला माणूस. घरी आले, चहा घेतला, सासूबाईला समजावलं. सासूबाईचं माहेर अक्कलकोटकडचं, घाबरल्या की त्यांच्या तोंडात कानडी येतं. "ब्याडा, ब्याडा," म्हंजी नको, नको. पण सर उठंचनात. शेवटी सासूबाई म्हणल्या, घरातलं बाईमाणूस संगं असंल तरच धाडीन. घरात बाईमाणूस कोण? सासूबाई शेतात. मालक चिंचोळीच्या कंपनीत, पाळीवर. ऱ्हायले मी. मला वर्सातच दिवस गेले, पोट घिऊन मी टँकवर, मग लेक झाली, सव्वा महिना झाल्यावर लेक काखेत घिऊन मी टँकवर. शेअर रिक्षात लेक, पिशवी, वन्सं आन् मी. जाताना वन्सं कडंला आन् मी डोळं मिटून.

सासूबाईला एक गोष्ट काय पटंना. हिरीत पोरं मुटका मारत्यात, पाय पोटाशी घिऊन, तवा ज्याचं पाणी जास्ती उडालं त्यो भारी. हितं उलटं. पाणी जेवढं कमी उडंल तेवढं मार्क जास्ती.

"पाणी उडालंच न्हाय तर उडी कसली?" त्या सरांना म्हणल्या. "गपचिप जायचं तर शिडीवरनं उतरावं की."

सर एवढं हसले की चहा सांडला.

मला टँकवरचं हळूहळू कळायला लागलं. वरनं बघितलं की पाणी काचंसारखं दिसतं, कुटं सुरू होतं ते कळत न्हाय, म्हणून सर पाइपानं पाण्यावर फवारा मारायचे, पाणी हाललं की वन्संला अंदाज यायचा. उडी मारायच्या आदी हात आन् नडगी कोरडी करायची, कारण कोलांटी घेताना पाय पोटाशी घिऊन नडगीला हातानं गच्च धरावं लागतं. त्याला एक बारकं फडकं लागतं. बाकीच्या पोरींची फडकी बाहेरनं मागवलेली. मी नव्या पेठेतनं एक टॉवेल आणला, त्याचं चार तुकडं केलं, कडा हातानं शिवल्या. वन्संनी त्योच वापरला. अजून बी तसलाच लागतो त्यांना.

सर कधी कधी मोबाईलवर एक बाई दावायचे. परदेशातली, बर्फावरनं उडी मारणारी. पायाला दोन लांब फळ्या बांधलेल्या, डोंगरासारखी घसरण, तिच्यावरनं सूं करून येती आन् हवेत पडून ऱ्हाती, पाखरासारखी, किती तरी येळ. मी इचारलं, "सर, हिला खाली पाणी बी न्हाय, हाडं मोडत न्हायती का?" सर म्हणले, "जमीन बी उताराची असते वहिनी, ती उतारावर टेकते, म्हणून दणका बसत न्हाय." वन्सं ते लई बघायच्या. म्हणायच्या, "वैनी, ही माज्यापेक्षा लांब जाती, पण मी कोलांट्या घेती, तिला येत्यात का इचार." जसं काय मी तिला फोन लावनार व्हते.

आता तेलाचं सांगते. हात थांबतोय, तरी सांगते.

टँकच्या पाण्यात औषध टाकत्यात, त्यानं वन्संचं पाय पांढरं पडायचं, उलायचं, खाजवून रगत यायचं. मी लेकीला आंघोळीच्या आदी करडीचं तेल चोळायची, त्यातलंच वाटीत उरलेलं वन्संच्या पायाला लावायची. पण ते घरी आल्यावर, टँक झाल्यावर. टँकच्या भिंतीवर पाटी व्हती, तेल लावून पाण्यात उतरू नये. मी ती वाचलेली. मला वाटलं पाणी खराब होतं म्हणून लिवलंय. दुसरं काय असंल असं डोक्यात बी आलं न्हाय.

लेक वर्साची झाली तवा राज्याच्या स्पर्धा आमच्याच सोलापुरात झाल्या. वन्सं चौदाच्या. पाच मीटरचा कट्टा. सर म्हणले व्हते, पदक मिळंल. माज्या माहेरी रीत हाय, लेक सासरला निघू दे का परीक्षेला, आई तिच्या पायाला तेल चोळती. पायात बळ येतं म्हणत्यात. माज्या आईनं माज्या लग्नात चोळलं व्हतं, रडत रडत. वन्संला ती रीत कोण करनार? सासूबाईच्यात न्हाय तसलं. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत वन्सं बाकावर बसलेल्या, हात गार पडलेलं, पाय हालवत व्हत्या. मला त्यांची लई दया आली. लेकीच्या पिशवीत तेलाची बाटली व्हती. मी खाली बसले, त्यांचं पाय मांडीवर घेतलं आन् चोळलं. तळवं, घोटं, वर नडगीपतुर.

"वैनी, गुदगुल्या होत्यात."

"गप बसा. बळ येतं."

"आन् तुज्या पायात कुणी बळ घालायचं? खुर्चीवर चढता येत न्हाय."

आमी दोघी हसलो. मग मी पदरानं पुसलं. मला वाटलं, पुसलं.

पैल्या तीन उड्या साध्या व्हत्या, हात सरळ ठेवायच्या, त्या चांगल्या झाल्या. चौथी अडीच कोलांट्यांची. वन्सं वर गेल्या, फडक्यानं हात पुसलं, नडगीवरनं फडकं फिरवलं, पण पाण्यात भिजून बी तेल अजून चिकटलेलं असनार, ते फडक्यानं जातंय व्हय? त्या उडाल्या. मी नेमीसारखी डोळं मिटणार, पण त्या दिवशी उघडं ठेवलं, म्हणलं आज बघायचंच. हवेत गोल झाल्या, एक झाली, आन् मग हात नडगीवरनं सुटलं. मी बघितलं. कसं सुटलं ते मी डोळ्यानं बघितलं. त्या मदीच उलगडल्या आन् पाठीवर पडल्या. वली चादर दगडावर आपटावी तसा आवाज आला. माजी लेक तेवढी टाळ्या वाजवत व्हती, तिला काय कळतंय.

सरांनी कपड्यासकट उडी मारली आन् त्यांना काढलं. दवाखान्यात फोटो काढला, हाड मोडलं न्हवतं, पाठ नुसती लाल, मग जांभळी. मालक कंपनीतनं सुटी टाकून आले. सासूबाई लेकीच्या उशाशी बसून ऱ्हायल्या. मी दवाखान्याच्या नळावर जाऊन माजं हात धुतलं. परत धुतलं. वास काय जाईना.

कुणालाच कळालं न्हाय. वन्संला बी न्हाय. त्यांना वाटलं, माजंच हात सुटलं.

पंधरा दिसांनी त्या परत टँकवर आल्या. वर चढल्या, कडंला गेल्या, उभ्या ऱ्हायल्या, आन् शिडीनं उतरल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सर फवारा मारत उभं, वन्सं वर उभ्या, आन् मदी काय न्हाय. घरी त्या जेवता जेवता ताट सोडून स्वतःचं हात बघत बसायच्या, उलटं सुलटं करून. मी भाकरी वाढायला वाकले की मला ते हात दिसायचे. मोबाईलवर त्या बर्फावरल्या बाईचा एक जुना व्हिडिओ सापडला व्हता, ती पडल्याचा. लांब फरफटत जाती, बर्फ उडतो. वन्सं ती पडती तेवढंच बघायच्या. परत परत.

मी का बोलले न्हाय? भ्या. दुसरं काय न्हाय. वाटायचं, सासूबाई काय म्हणतील, मालक काय म्हणतील, बळ घालायला गेली आन् आमच्या पोरीला मारत व्हती म्हणतील. मला माहेरी धाडतील. रोज ठरवायची, आज सांगते, आन् रोज लेकीला झोळीत घालून गप बसायची.

मग सरांनी सांगितलं, रविवारपतुर नावं पाठवायची हायत, पुढच्या निवडीला. उडी मारली तर नाव, न्हायतर ह्या वर्सी न्हाय. सासूबाईनं लगीच धरलं. "रविवारपतुर बघते. न्हाय जमलं तर बास. शाळा एके शाळा. मी सवता येते बघायला." आमच्या घरात बास म्हणलं की बास असतं.

रविवारी सकाळी टँकवर सासूबाई लेकीला घिऊन पायऱ्यांवर बसल्या. वन्सं कपडे बदलायला गेल्या. मी सरांना इचारलं, त्या बर्फावरल्या बाईचं पुढं काय झालं. सर म्हणले, "दोन वर्षांनी परत आली, जिंकली की. तिनं पडलेला व्हिडिओ शंभरदा बघितला. एका पायाची फळी ढिली बसली होती. कारण सापडलं वहिनी, की निम्मी भीती जाते. आपल्या पोरीचं कारणच सापडंना. हात तिचे पक्के आहेत. का सुटले?"

ते पाइप घिऊन निघून गेले. माजं पाय तितंच ऱ्हायलं.

वन्सं बाहेर आल्या, शिडी चढायला लागल्या. मी हाक मारायला गेले तवर त्या वर पोचल्या बी. मग मला काय झालं म्हाईत न्हाय, मी साडी खोचली, चपला काढल्या आन् शिडीला हात घातला. लोखंड वलं, गार. एक पायरी. दुसरी. चौथीला मी खाली बघितलं, ती चूक झाली. खालनं सासूबाईचा आवाज आला, "अय्यो! ब्याडा! इळी, इळी!" म्हंजी उतर, उतर. सरांनी शिट्टी मारली. मी उतरणार कशी, मला उतरायला येत न्हवतं. वर जायचं तेवढंच जमत व्हतं.

वर पोचले ते गुडघ्यावर. सिमेंटवर दोन्ही हात पसरून बसले. वन्सं कडंला उभ्या व्हत्या, वळल्या, त्यांचं डोळं एवढं मोठं झालं.

"वैनी! येड लागलं का तुला?"

"वन्सं, तेल," मी म्हणले. दम लागलेला. "त्या दिवशी मी तेल लावलं. नडगीला. ते गेलं न्हाय. मी पदरानं पुसलं, पण तेल पदरानं जात न्हाय. तुमचं हात न्हाय सुटलं. मी सोडवलं. मी बघितलं. मला म्हाईत व्हतं, तवापासनं म्हाईत व्हतं."

खाली पाइपाचं पाणी टँकवर पडत व्हतं. मग त्या माज्यापाशी आल्या, उकिडव्या बसल्या. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तरी चाललं असतं.

"करडीचं?" त्या म्हणल्या.

"व्हय."

"आन् एवढे दिवस मी माज्या हाताकडं बघत बसले."

"व्हय."

"बघितलंस आन् भाकरी वाढलीस."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं का कशाचं मला कळालं न्हाय. नाक मनगटाला पुसलं. मग फडकं उचललं, नव्या पेठेचं, मी शिवलेलं, आन् हात पुसलं. एक एक बोट पुसलं. नडगी पुसली, नखानं खरवडून बघितली, वास घेतला.

"आज न्हाय ना लावलंस?"

"न्हाय वो. लेकीची शपथ."

"आईला सांगू नको," त्या म्हणल्या. "आईला कळालं तर ती तुला हितं येऊ देनार न्हाय. आन् तू न्हाय तर मी कुणासंगं येऊ?" आन् उठल्या. "सरक मागं. आन् डोळं मिटायचं न्हाय."

मी मिटलं न्हाय. मी त्यांना पैल्यांदा वरनं बघितलं. रोज खालनं बघते तवा त्या माज्याकडं पडत येत्यात असं वाटतं, म्हणून भ्या. वरनं बघितलं तर त्या माज्यापासनं लांब चालल्या व्हत्या, गोल, बारीक बारीक होत, हात नडगीला गच्च, एक, दोन, निम्मी, आन् सरळ झाल्या सुईसारख्या. पाणी वर आलंच न्हाय. नुसता एक गोल उमटला.

सर खाली नाचत व्हते. सासूबाई सरांना वरडून इचारत व्हत्या, "झाली का? पाणी तर उडालं न्हाय, झाली का न्हाय?"

झाली. त्या रविवारी नाव गेलं आन् पुढं समदं झालं, राज्य झालं, राज्याच्या बाहेर झालं, ते पेपरात आलंय, मी काय सांगू. मी सांगते ते पेपरात न्हाय.

मी वर अडकले व्हते. उतरायचं जमंना. शिडीकडं पाय केला की परत मागं घ्यायची. सर म्हणले मी येतो, पण वन्संनी त्यांना हातानं थांबवलं आन् सवता पाण्यातनं निघून, तशाच निथळत, शिडी चढून माज्या खाली येऊन थांबल्या.

"पाठ कर. पोटावर पड. आता पाय खाली सोड."

"न्हाय जमत वन्सं."

"सोड की. मी हाय."

मी एक पाय सोडला. खाली काय न्हवतं, आन् मग त्यांचा हात व्हता. गार, वला, घोट्याला गच्च धरलेला. त्यांनी माजा पाय उचलून पायरीवर ठिवला आन् वरनं दाबला. "ही एक. आता दुसरा." दुसरा धरला, ठिवला, दाबला. "ही दोन." तसं समदी शिडी. त्या एक पायरी उतरायच्या, मला एक उतरवायच्या. वलं लोखंड, वला हात, आन् माजा पाय एकदा बी घसरला न्हाय.

खाली सासूबाई उभ्या व्हत्या, लेक काखेत. मला बघून म्हणल्या, "तू कशाला गेलतीस गं वर, मरायला?"

माज्या आदी वन्सं बोलल्या. "मीच बोलवलं तिला. बळ घालायला."